दौलतच्या होडीचं बारसं

माझ्या भावाने माझा नवरा मारला आणि मी त्याच्या होडीला नाव ठेवलं. लोक म्हणतात, सगुणे, हा कसला सूड गो? त्याने जीव घेतला आणि तू नाव ठेवून मोकळी झालीस? म्हणणाऱ्यांचं काय जातंय! आधी ऐका, मग तोंड उघडा.

डोंबिवलीला गाडी थांबायला लागली त्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. कोपरच्या खाडीवर माझा नवरा नाथा होडी चालवायचा. इकडची माणसं पलीकडे, पलीकडची इकडे. त्याचा बापूस तेच करायचा, आजाही तेच. वल्हं हातात आलं की नाथा गायचा, आणि असा बेसूर गायचा की होडीतल्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मीच त्याला म्हणायचे, अरे मेल्या, मासे पळतील. तो आणखी मोठ्याने गायचा.

दौलत माझा पाठचा भाऊ. मिठागरावर मुकादम झाला, पायात जोडा आला, आणि खाडी आपल्या बापाची असं त्याला वाटायला लागलं. त्याने सरकारातून तरीचा मक्ता घेतला. म्हणजे कोपरहून माणसं पलीकडे न्यायची ती फक्त दौलतने, दुसऱ्या कोणी नाय. नाथाने ते मानलंच नाय. "कागद दौलतकडं हाय, पण माणसं माझ्या होडीत बसतात," असं म्हणायचा, आणि ते खरंच होतं. दौलतची होडी धक्क्याला बांधलेली असायची आणि तिच्यावर बगळे बसायचे.

मार्गशीर्षातल्या पुनवेला सकाळी नाथा एकटाच होडी घेऊन निघाला. भर खाडीत होडीने पाणी घेतलं. ओहोटी अशी जोराची होती की पोहणाऱ्यालाही सोडत नव्हती. होडी तिसऱ्या दिवशी मुंब्र्याकडच्या चिखलात पालथी मिळाली. नाथा मिळालाच नाय. आमच्यात मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण घालतात, तुळशीचं पान घालतात. मी गळ्यातला मणी काढून मुठीत धरून तीन दिवस काठावर बसले होते. कोणाच्या तोंडात घालू?

होडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ ठोकून बसवतात, तेव्हा कुठे पाणी आत येत नाय. बुडाकडच्या सांध्यातला दोन हात कापूस गायब होता, आणि फळीवर पटाशीचे ताजे ओरखडे. कापूस आपोआप गळाला तर ओरखडे पडतात काय? दौलतच्या होड्यांचं हे काम भिवा करायचा. तो भिवा त्याच आठवड्यात मुंबईला गोदीवर कामाला गेला, तो परत आला नाय. मी पंचांपुढे आरडले, ओरडले. आमचे परशुराम पाटील दौलतला म्हणाले, "तुला कायी म्हाईत हाय काय?" दौलतने एकवीरा आईची शपथ घेतली. म्हणाला, मेव्हणा माझा, मना दुख नाय काय? आणि रडला. काय रडला हो! त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. जे तोंड खोटी शपथ घेऊन रडलं, त्याच तोंडाने चार माणसांत खरं सांगावं. जीव नको होता मला त्याचा. त्याच्या जिवाचं मी काय लोणचं घालू?

पदरात पोर नव्हतं. मी कल्याणला आले, शेनाळ्याच्या तळ्याजवळ गुरुदत्त मास्तरांकडे भांडी-धुण्याला राहिले. मास्तर इंग्रजी शाळेत शिकवायचे. देवमाणूस, पण बोलायला लागला की थांबायचा नाय. बायकोला, उत्तराबाईंना, घरीच वाचायला शिकवायचे, आणि धडा झाला की दुपारी पान लावता लावता तिला ग्रीक म्हणून कुठल्याशा लोकांच्या जुन्या गोष्टी सांगायचे. बाई ऐकता ऐकता पेंगायच्या. मी मागच्या पडवीत राखेने पातेली घासायची, आणि सगळ्या गोष्टी माझ्याच कानांत पडायच्या.

एका दुपारी मास्तर म्हणाले, "त्यांच्यात माणूस मेला की त्याला नदीपलीकडे जावं लागे. तिथे एकच नावाडी, कॅरन त्याचं नाव. मेलेल्याच्या तोंडात नातेवाईक एक नाणं ठेवीत, ते त्याचं भाडं. ज्याचे अंत्यसंस्कारच झाले नाहीत, तो शंभर वर्षं काठावर तिष्ठत राही."

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. उत्तराबाई दचकून जाग्या झाल्या. "काय झालं गं सगुणा?" मी म्हटलं, काय नाय बाई, हात निसटला. पण त्या दिवशी भांड्यांची राख आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं माझं. माझा माणूस, ज्याने अख्ख्या गावाला पलीकडे नेलं, तो काठावर उभा! आणि दौलत जोडा घालून फिरतोय!

त्यानंतर दीडेक वर्षाने, भादव्यात, दौलत मागच्या दारी आला. हातात लुगडं. दोन वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं.

"बाय, बरी हायस ना?"

"तुझ्या डोळ्यांना कशी दिसते?"

त्याने लुगडं ओट्यावर ठेवलं. म्हणाला, "मोठा मचवा बांधलाय. बैलगाडी चढंल एवढा. दसऱ्याला पाण्यात घालायचा हाय."

मला लगेच कळलं तो का आलाय. आमच्या गावात नवी होडी म्हणजे घरात जन्मलेलं पोर. तिचं बारसं होतं. हळद-कुंकू, घुगऱ्या, सगळं. नाव ठेवायचं ते आत्याने, म्हणजे होडीच्या मालकाच्या बहिणीने. होडीच्या पुढच्या टोकाला तोंड लावून आत्या नाव सांगते, कुर्र करते, मग सगळ्यांना मोठ्याने सांगते. आत्याशिवाय नाव नाय, आणि बिननावाच्या होडीत आमचं माणूस पाय ठेवत नाय. एकदा ठेवलेलं नाव बदलतही नाय. नाव बदललेली होडी मालकालाच गिळते, असं म्हणतात. आणि दौलतला बहीण एकच, मी. देवाच्या घरी न्याय नाय कोण म्हणतं?

"मग ठेव की नाव," मी म्हटलं. "लक्ष्मी ठेव, तुझ्या बायकोचं नाव हाय."

"तसलं नको गो. मोठा साहेब येणार हाय बारशाला. त्याचा कारकून बोलला, साहेबाला त्या ग्रीक लोकांच्या गोष्टींचं लय वेड हाय. ठाण्याच्या बंदरात साहेबलोकांच्या बोटींना तसलीच नावं असतात. साहेब खूश झाला तर मक्ता आणखी पाच वर्षं माझा. तुझ्या मास्तरला ईचार ना. तीन-चार नावं काढ, मी निवडतो."

असा माझा भाऊ. नवरा बुडवायचा आणि वर बहिणीला नावं शोधायला लावायची! मी म्हटलं, आठ दिवसांनी ये.

एक नाव माझ्याकडे होतंच. आणखी दोन मास्तरांकडून घेतली. मास्तर इतके खूश झाले की दोन नावांसाठी मला दोन दुपारी बसवून घेतलं. चुलीवरची भाजी करपली आणि उत्तराबाईंनी मलाच बोल लावला.

आठव्या दिवशी दौलत आला. मी अंगणात बसले, तो पायरीवर.

"पहिलं नाव आर्गो," मी म्हटलं. "त्या लोकांची सगळ्यांत नामी होडी. पन्नास बहाद्दर गडी वल्ही मारायला."

"वा! मग?"

"मग होडी जुनी झाली. मालक तिच्या सावलीत झोपला होता. तिचीच कुजकी फळी त्याच्या डोक्यात पडली नि मेला."

"ह्यॅ! दुसरं सांग."

"दुसरं गॅलटिया. दर्याची पोर. तिचा एकावर जीव होता. पण एका आडदांडाला ती पाहिजे होती. त्याने काय केलं, तिच्या माणसावर दगड घातला. दुसऱ्याचं आहे ते बघवत नाय ना एकेकाला."

मी त्याच्याकडे बघत होते. तो अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होता. "बाईचं नाव नको," म्हणाला. "तिसरं?"

"तिसरं कॅरन. हा स्वतःच नावाडी. मोठा मान त्याचा. राजा असू दे, भिकारी असू दे, पलीकडे जायचं तर त्याच्याच होडीतून. दुसरी होडीच नाय त्या पाण्यावर."

दौलतने मान वर केली. "दुसरी नायच?"

"नायच. आणि भाडं आधी. भाडं नसलं तर राहा काठावर उभा."

त्याचे डोळे असे चमकले की मला भीती वाटली, हा आता खोदून विचारील. एवढा मिठागराचा मुकादम, मिठाच्या ढिगाला नुसता हात लावून ओल सांगणारा. त्याने एवढंच विचारायला पाहिजे होतं, की बाय, ते पाणी कुठलं? होडीत बसतात ती माणसं कसली? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, एकवीरेची आण. मी खोटं बोलणार नव्हते, खोटं बोलायला तो होता. पण 'दुसरी होडीच नाय' एवढं ऐकलं आणि त्याचे कान बंद झाले.

"हेच!" तो म्हणाला. "बाय, हेच नाव! तूच माझी खरी बहीण."

"हाय ना. म्हणून तर ठेवते."

दसऱ्याला कोपरच्या धक्क्यावर जत्रा लोटली होती. मचव्याला रंग, आंब्याची तोरणं, झेंडूच्या माळा. साहेब खुर्चीवर, त्याच्या शेजारी गुरुदत्त मास्तर. साहेबाशी बोलायला कोणीतरी पाहिजे म्हणून दौलतने त्यांना मुद्दाम आणलं होतं. नाव कुठलं निवडलं हे मास्तरांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर भांडी घासणारी, मला कोण विचारतो? मी दौलतने दिलेलं लुगडं नेसले होते. त्याची बायको लक्ष्मी हातात कुंकवाची वाटी घेऊन उभी. तिने मला वाकून नमस्कार केला. तिचा काही दोष नव्हता, मी तिला आशीर्वाद दिला.

मी मचव्याच्या टोकाला तोंड लावलं. नाव सांगितलं. कुर्र केलं. मग वळून छातीत होता नव्हता तेवढा दम लावून ओरडले, "होडीचं नाव कॅरन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाने आधी कान पुढे केला, मग मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तरांचा चेहरा पांढराफटक. साहेब खुर्चीतून अर्धा उठला आणि पोट धरून हसायला लागला. दौलतही हसायला लागला. साहेब खूश झाला म्हणून त्याला कोण आनंद!

"मास्तर," दौलत म्हणाला, "साहेब काय बोलतात? पहिली फेरी साहेबांनीच मारायची, सांगा त्यांना."

मास्तर चाचरले. "साहेब म्हणतात, इतक्यात पलीकडे जायची त्यांची तयारी नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे मी सांगते," मी म्हटलं. आणि सांगितलं. सगळं, जे गाळलं होतं ते. हा नावाडी मेलेल्यांचा. त्याच्या होडीत जिवंत माणूस बसत नाय. तोंडात ठेवलेलं नाणं हे त्याचं भाडं. आमच्या लोकांना आणखी समजवायला लागलं नाय. तोंडात सोनं कधी घालतात हे कोपरच्या पोरासोरांनाही माहीत. पुढे उभी असलेली माणसं मागे सरली, मागची आणखी मागे. एक म्हातारी घुगऱ्या तोंडात होत्या त्या थुंकली.

"आणि भाडं नसलेला एक त्या काठावर उभा हाय," मी म्हटलं. "माझा नाथा. त्याला तिथे कोणी पाठवला, ते ह्याला ईचारा."

दौलत माझ्या अंगावर धावून आला. पाटील मध्ये पडले. "बाईवर हात टाकशील तर बघ," म्हणाले. दौलत ओरडत होता, "नाव बदला! दुसरं ठेवा! आर्गो ठेवा!" कोण ठेवणार? आत्या एक, कान एक, नाव एक. सांगून झालं होतं.

दसरा गेला, दिवाळी गेली. मचव्यात कोणी बसेना. भाजीवाल्या डोक्यावर पाट्या घेऊन वरच्या अंगाला पाणी उथळ हाय तिथून, कोसभर फिरून, पलीकडे जायला लागल्या. दौलतने मिठागरावरच्या गणूला नि तानाजीला वल्ही मारायला दुप्पट मजुरी देतो म्हटलं, ते दोघे मिठागर सोडून दुसऱ्या गावी गेले. त्याने जुनी होडी काढली, तर लोक म्हणाले, मालक तोच ना? पोरं त्याला वाटेत बघून तोंड घट्ट मिटून घ्यायची, नाणं धरल्यासारखी. मला कल्याणला हे सगळं कळायचं आणि मी भांडी अशी घासायची की उत्तराबाई म्हणायच्या, अगं, कल्हई जाईल! खोटं कशाला बोलू, मला गोड झोप लागत होती. ज्यांना सूड कडू लागतो, त्यांनी तो नीट शिजवलेला नसतो.

शिमग्याच्या आधी परशुराम पाटील स्वतः कल्याणला आले. म्हणाले, "सगुणे, लोकांचे हाल होतात. गरोदर बाया कोसभर चालतात. यावर एकच उपाय हाय. जिने नाव ठेवलं त्या आत्याने होडीत पहिल्यांदा बसावं, पलीकडे जाऊन जिवंत उतरावं. मग लोकांची भीती मोडंल. दौलत तुझ्या पाया पडायला तयार हाय."

"पाया पडायला नको," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी तुमच्यापुढे शपथ घेतली, ती त्याने धक्क्यावर, सगळ्यांसमोर, मोडायची. काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पुरं सांगायचं. मी बसते."

"शब्द?"

मी त्यांच्या हातावर हात मारला.

होळीच्या आदल्या सकाळी अख्खं गाव धक्क्यावर जमलं. दौलत मचव्याजवळ उभा होता. वाळला होता. पायात जोडा नव्हता. त्याने मचव्यात बसायच्या फळीवर स्वतःची घोंगडी माझ्यासाठी अंथरून ठेवली होती. लहानपणी मिठागरावर ऊन लागायचं तेव्हा हाच आपल्या टोपऱ्याने माझ्यावर सावली धरायचा.

"सांग," पाटील म्हणाले.

"मीच केलं," तो म्हणाला. "भिवाला मीच सांगितलं. सांध्यातला कापूस काढ बोललो. वाटलं, होडी बुडंल, नाथा पोहत येईल, धडा मिळंल. मारायचं नव्हतं मना."

गर्दीतून कोणीतरी शिवी घातली. मी डोळे मिटून घेतले. दोन वर्षं जे ऐकायचं होतं ते कानांत पडलं. मला वाटलं होतं मी हसेन. मी रडत होते.

"पुरं सांग," पाटील म्हणाले. "पुरं ठरलंय."

दौलत खाली बघत बोलला, "भिवा मना ईचारायला आला. बोलला, मालक, उद्या तुमची बाय पण हाय होडीत. काय करू?"

मी डोळे उघडले.

त्या दिवशी पलीकडे माझ्या मामेबहिणीची हळद होती. मी नाथाबरोबर जाणार होते, लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. दौलतलाच विचारलं होतं मी, येतोस काय रे. पण पहाटे आमची म्हैस व्यायला आली, म्हणून मी मागे राहिले. मला पोहता येत नाय. लहानपणापासून नाय, आणि हे दौलतइतकं कोणाला माहीत नाय.

"मग तू काय बोललास?" पाटलांनी विचारलं.

"बोललो, असू दे."

लक्ष्मीने तोंडाला पदर लावला. मी दोन वर्षं नाथाच्या वाटणीचा राग राग केला होता. माझ्या वाटणीचा राग मी कधी धरलाच नव्हता, तो मला ठाऊकच नव्हता.

दौलत मचव्यात चढला. वल्हं पायाशी टेकवून त्याने माझ्यापुढे हात केला. "बाय, ये. सांभाळून ये. मी धरतो."

मी जागची हलले नाय.

"सगुणे," पाटील हळूच म्हणाले, "त्याने पुरं सांगितलं. तू शब्द दिलायस."

"दिला होता," मी म्हटलं. "मोडला. गावात सांगा, सगुणा शब्दाला जागली नाय. ज्याला मी मेलेली चालणार होते, पाटील, त्याला आता जिवंत बाई होडीत कशाला पाहिजे?"